कडी वाजली पाहिजे

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची अकरा जणं, सात मुली आणि चार मुलगे. वर्षअखेरच्या प्रयोगासाठी तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेतलंय. एक पुस्तक आणलं, सगळ्यांनी झेरॉक्स काढल्या, पाठांतरही सुरू केलं आणि आठ दिवसांत पार अडकलोय. सुरुवातीला नुसत्या गप्पाच आहेत, त्या कापून थेट खटल्यावर यावं असं निम्म्या वर्गाचं म्हणणं. कंसातल्या सूचना पाळायच्या की सोडून द्यायच्या? पुरुष पात्रं सहा आणि मुलगे चारच, त्याचं काय करू? आणि परवानगी लागते का? हातात पाच आठवडे आहेत.
– दुसऱ्या वर्षाचा वर्ग, नाशिक

उत्तर : मुलांनो, आधी पाठांतर थांबवा. आजच थांबवा. संहिता कळायच्या आधी वाक्यं तोंडात बसली ना की ती ज्या सुरात बसली त्याच सुरात शेवटपर्यंत राहतात, मग दिग्दर्शक कितीही ओरडला तरी तो सूर निघत नाही. पाच आठवड्यांतला पहिला पूर्ण आठवडा फक्त वाचनाला द्या, गोल बसून, मोठ्यानं, अभिनय न करता. रोज भूमिका बदला, आज जी बेणारे, म्हणजे जिच्यावर खटला चालतो ती बाई, वाचेल तिनं उद्या वकील सुखात्मे वाचायचा. आणि जमलं तर प्रत्येकानं स्वतःचं पुस्तक विकत घ्या. एका नाटकाच्या पुस्तकाला फार पैसे पडत नाहीत आणि समासात लिहायला स्वतःची प्रत लागतेच.

आता त्या कापायच्या गप्पा. हे मी जरा सविस्तर सांगते कारण तुमचं सगळं नाटक इथे अडकलंय असं मला वाटतं.

एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला येते आणि वेळ घालवायला बेणारेवर लुटुपुटीचा खटला भरते, ही या नाटकाची गोष्ट. नाटक उघडतं तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये गावातला सामंत आणि बेणारे दोघंच आलेले असतात, बाकीची मंडळी मागून यायचीत. आणि पहिली गोष्ट काय घडते? दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटलेलं असतं. वाचताना वाटतं एवढंसं काय ते, दोन वाक्यांत संपतं. पण पुढे खटल्याचा खेळ खेळ राहत नाही, सगळे मिळून तिच्यावर तुटून पडतात, ती उठते, बाहेर जायला दारापाशी येते, आतली कडी काढून दार ओढते आणि दार उघडत नाही. बाहेरून कडी लागून बसलेली असते. तीच कडी! प्रेक्षकानं ती सुरुवातीला बघितली नसेल तर हे दार म्हणजे नुसतं अडकलेलं दार होतं, आणि बघितली असेल तर त्याच्या पोटात खड्डा पडतो. तुम्ही कापायला निघालेल्या पानांवर हे आहे.

सामंताच्या हातातला हिरवा कापडी पोपटही त्याच पानांतला. शेवटी सगळे निघून जातात, ती एकटी पडलेली असते आणि हा साधा माणूस तो पोपट तिच्याजवळ ठेवून जातो. सुरुवातीला तो पोपट दिसलाच नाही तर शेवटी आकाशातून पडल्यासारखा वाटेल. शिवाय त्या गप्पांतच बेणारे एकेकाची खिल्ली उडवते, वकिली न चालणारा वकील, इंटरला गटांगळी खाल्लेला शास्त्रज्ञ... ही माणसं पुढे तिच्यावर इतकी का उलटतात, त्याचं बी तिथं पेरलंय. दुखऱ्या जागा तिनं हसत हसत दाखवल्यात आणि प्रत्येकाला आपापली जागा माहितीये.

मी शिकत असताना आम्हीही एका नाटकातला असाच ‘काही घडत नाही’ वाटणारा चहाचा प्रसंग कापला होता. दुसऱ्या अंकात एक पात्र रडतं तेव्हा लोक गप्प बसायच्या ऐवजी चुळबुळायला लागले. का ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, नंतर पुन्हा वाचल्यावर कळलं की त्या चहातच त्या दोघांचं नातं होतं. मला अजून त्याची चुटपुट आहे. म्हणून सांगते, कापायचंच असेल तर चौथ्या आठवड्यात कापा, न थांबता अख्खं नाटक दोनदा करून बघितल्यावर, आणि तेही लेखकाच्या वारसांना विचारून. मुळात माझं मत, हे नाटक कापू नये.

कंसातल्या सूचनांबद्दल. छापील पुस्तकातल्या सगळ्या सूचना एका जातीच्या नसतात. उजव्या विंगेतून येतो, डावीकडे सरकतो अशा सूचना बऱ्याचदा पहिल्या प्रयोगाच्या नेपथ्यावरून आलेल्या असतात. शांतता १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेनं केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. त्यांचा रंगमंच वेगळा, तुमच्या कॉलेजचा हॉल वेगळा, त्यामुळे डावं-उजवं तुम्ही खुशाल बदला. पण ज्या सूचनेत कृती आहे, वस्तू आहे किंवा शांतता आहे तिला हात लावू नका. काशीकर कान कोरतो ही अशीच सूचना. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून एका बाईच्या चारित्र्यावर बोलता बोलता तो माणूस कान कोरतोय, याहून जास्त त्याच्याबद्दल काय सांगायचं राहतं? विशीतल्या मुलाला काशीकर करायचा असेल तर केसांना पांढरी पावडर फासू नका, आवाज थरथरवू नका, ते कान कोरणं नीट शोधा, म्हणजे केव्हा सुरू होतं, कुठल्या वाक्याला थांबतं. वय आपोआप येईल.

शेवटच्या स्वगताचंही तेच. बेणारेला बोलायला दहाच सेकंद दिलेत, पण तिचं बोलणं लांबतं, आणि ती बोलते तेव्हा कोर्टातले बाकीचे सगळे थिजलेले असतात, म्हणजे हे बोलणं त्यांच्या कानावर पडतच नाही, फक्त प्रेक्षक ऐकतो. इथे स्पॉट मारून मागे सतार लावायचा मोह प्रत्येक कॉलेजला होतो. कृपा करून संगीत लावू नका. थिजलेल्या सात जणांचा थिजलेपणा सांभाळा, त्याचीच वेगळी तालीम घ्या, कारण एवढा वेळ पापणीसुद्धा न हलवता उभं राहणं फार अवघड आहे आणि एकजण जरी खाजवायला लागला तरी सगळी नजर तिकडे जाते.

दारावर पैसे खर्च करा. बाकी नेपथ्य कॉलेजच्या खुर्च्या-टेबलांवर भागेल, नाटकच रिकाम्या हॉलमधलं आहे त्यामुळे ते शोभेलही. पण दार खरं हवं, चौकट मागून तिरक्या दांड्यांनी पक्की केलेली, बुडाशी वजन ठेवलेलं, नाहीतर ती दार ओढते तेव्हा अख्खा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची खोटी भिंत, हलतो आणि लोक हसतात. कडी भंगारवाल्याकडून जुनी लोखंडी आणा, नवीन अॅल्युमिनियमची नको, आवाजच येत नाही. शेवटच्या रांगेत एकाला बसवून ऐका, कडी वाजली पाहिजे. आणि ही कडी पहिल्या उभ्या तालमीपासून हातात असू द्या, रंगीत तालमीच्या दिवशी नको.

मुलगे चारच, तर दोन मुलींनी पुरुष पात्रं पुरुष म्हणूनच करा. रोकडे आणि पोंक्षे चालतील असं मला वाटतं. पण पात्राचं स्त्रीपात्र करू नका, विशेषतः सुखात्मेचं आणि काशीकरचं तर नाहीच. पुरुषांनी भरलेलं कोर्ट आणि त्यात त्यांचीच री ओढणारी मिसेस काशीकर ही मांडणीच मोडते. उरलेल्या तिघी म्हणजे दिग्दर्शन, प्रकाश आणि बॅकस्टेज, प्रॉम्प्टिंगसकट. हे उरलंसुरलं काम समजू नका, थिजलेल्या कोर्टावरचा प्रकाश कसा उतरतो यावर ते स्वगत उभं राहतं किंवा पडतं.

परवानगी. तेंडुलकर २००८ साली गेले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे हे नाटक २०६८ संपेपर्यंत हक्कातलं आहे. कायद्यात एक सवलत आहे : शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनी केलेला आणि संस्थेतली माणसं, पालक अशांपुरताच असलेला प्रयोग चालतो. तुमचा वर्षअखेरचा प्रयोग त्यात बसेल. पण तिकीट लावलंत, बाहेरचे प्रेक्षक बोलावलेत की लेखी परवानगी आणि ठरेल ते मानधन, त्यात पळवाट नको. पुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रयोगाचे हक्क कुणाकडे आहेत ते बघा, नाहीतर प्रकाशकाला पत्र लिहा. प्रयोग कधी, कुठे, किती हे स्पष्ट कळवा. बाहेर जाहीर प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राचं कामही लवकर उरका, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि कायद्यानं सूट असली तरी एक पत्र लिहाच, आम्ही विद्यार्थी हे नाटक करतोय म्हणून. तेवढं लेखकाचं देणं लागतो आपण.

प्रश्न : आम्हाला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ करायचाय, पण भाषा फार जड वाटते. आजच्या बोलीत करून घेतलं तर चालेल का? परवानगी कुणाची घ्यायची?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : गडकरी १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या संहितेवरचे हक्क कधीच संपलेत, कुणाला विचारायची गरज नाही. बदलायला कायद्याची आडकाठी नाही, पण मी म्हणेन बदलू नका. तळीरामाची वाक्यं डोळ्यांनी वाचली की जड वाटतात, उभं राहून मोठ्यानं म्हटली की कळतं की ती टाळी घ्यायलाच बांधलीयेत. तुम्हाला जड जातोय तो शब्द नाही, दम आहे. एक पान घ्या, पेन्सिलनं श्वास कुठे घ्यायचा त्या खुणा करा, आठवडाभर रोज सकाळी तेच पान म्हणा. खुणा दोनतीनदा बदलतील, खोडून परत करा. मग वर्गाला ऐकवा आणि तेव्हा ठरवा भाषा बदलायची का ते.