शिंकणारे उंदीर रेस्क्यूमधून घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या रेस्क्यूमध्ये, म्हणजे सोडून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या ठिकाणी, पाळीव उंदरांच्या दीड वर्षाच्या दोन माद्या आहेत, एक शिंकते, घ्याव्यात की दुकानातून पिल्लं आणावीत. मी म्हणेन घ्या, आणि दोघींना एकत्रच घ्या, एकटा उंदीर झुरतो.

शिंकांचं म्हणाल तर मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू पाळीव उंदरांमध्ये जवळपास सगळ्यांनाच असतो, दुकानातल्या गोंडस पिल्लांनाही, फक्त त्यांच्यात तो अजून दिसत नसतो. नवीन घरात आल्यावर आठवडाभर शिंका येणं नेहमीचंच. बघायचं ते वेगळंच, तिला उचलून सरळ कानाशी धरा, फोन धरतो तसं, आणि श्वास ऐका. काहीच ऐकू आलं नाही तर उत्तम. आत घरघर किंवा टिकटिक येत असेल, श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील, तर रेस्क्यूवाल्यांना विचारा की डॉक्सीसायक्लीन वगैरे अँटिबायोटिक दिलंय का, किती दिवस. चांगले लोक लपवत नाहीत. इथे आरएसपीसीए या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेच्या सेंटरांमध्येही उंदीर असतात, तिथेही चौकशी करा.

नाकाडोळ्यांशी लाल दिसलं की लोक घाबरतात, रक्त वाटतं. बहुतेकदा ते पॉर्फायरिन असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं, ताण आला किंवा आजारी पडली की वाढतं. एखाद दिवशी दिसलं तर पुसून टाका, रोज दिसायला लागलं तर व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर, गाठा.

माद्यांचा खरा प्रॉब्लेम म्हणजे गाठी. काखेत, जांघेत, अगदी मानेखालीसुद्धा, कारण त्यांच्या स्तनग्रंथी एवढ्या पसरलेल्या असतात. बहुतेक गाठी साध्या असतात पण भराभर वाढतात, चण्याएवढी होती ती बघता बघता लिंबाएवढी होते आणि मग चालताना घासते, म्हणून लहान असतानाच काढलेली बरी. आयुष्यच दोन-तीन वर्षांचं असल्यामुळे दीड वर्षाच्या उंदरीवर खर्च कशाला असं कोणीतरी म्हणेलच, माझ्या आईने तर उंदीर आणलेत म्हटल्यावर फोनवर पहिलं विचारलं की औषध टाकलंस का, आणि तिला म्हणायचं होतं ते औषध वेगळं.

घ्यायच्या आधी एक्झॉटिक्स, म्हणजे उंदरांसारखे वेगळे पाळीव प्राणी, बघणारा व्हेट शोधून ठेवा, कुत्र्यामांजरांचे सगळेच उंदीर बघत नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर परत विचारा, उंदराला उलटी होतच नाही त्यामुळे त्याची गरज नसते, उलट इतका वेळ उपाशी राहणं त्यांना झेपत नाही.

पिंजऱ्यात पाइन-सीडरचा भुसा नको, कागदाचं बेडिंग घाला आणि मुताचा वास साचू देऊ नका, अमोनियाने छाती अजून बिघडते. आठवड्यातून एकदा किचनच्या काट्यावर वजन करा. दुखणं लपवण्यात हे प्राणी पटाईत, पण वजन उतरलं की कळतं.

आणि डॉक्सी सुरू झालं तर दह्यात किंवा दुधात कालवून देऊ नका, कॅल्शियममुळे ते नीट लागू पडत नाही. कुस्करलेल्या केळ्यात द्या, माझ्याकडच्या बोटासकट खातात.