तंबोऱ्यातले आकडे

प्रश्न : आमच्याकडे मिरजेत तंबोरे बनवतात. मुलाने संगणकावर जवारीचा, म्हणजे तारेच्या गुंजत्या झणकाराचा, आवाज भरला. तो म्हणतो, आत नुसते आकडे आहेत. हे कसं?

उत्तर : मुलगा खरं सांगतोय. तार छेडली की हवेचा दाब वर-खाली होतो आणि माईकमधली वीज त्याच चालीने हलते. ती ठरावीक वेळाने मोजून लिहून ठेवायची, बस्स. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक माप उणे ३२,७६८ ते ३२,७६७ मधला पूर्णांक. इतकी घाई का? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या आंदोलनांपर्यंत, ऐकू येतं आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त लागते. नाहीतर उंच सूर खालच्या सुराचं सोंग घेऊन येतो.

आता एक कराच. खर्जाची तार १०० हर्ट्झला असेल, तर एका आंदोलनात ४४१ आकडे येतात. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचं सूत काढून एकदा आवाज भरा, मग सूत जागेवर सरकवून पुन्हा. या आकड्यांच्या संगणकावर दिसणाऱ्या दोन्ही रेषा मोठ्या करून बघा. सुताने जवारी उघडली की रेषेवर बारीक दातेरे दिसतील. तुमचे कारागीर नुसत्या कानाने शोधतात, ते हेच! मला त्या कानांचं फार अप्रूप आहे.