बाबांचं पदक रेकॉर्डवर चढवायचंय ना?

आधी बाबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून निवृत्त होताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, काढ आणि पदकांचं पान बघ. १९७१च्या युद्धातल्या सेवेचं संग्राम मेडल तिथे नसेल, तर अर्ज त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. अर्ज लिहायला पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचार.

‘१९७१च्या लढाईत होते’ एवढ्यावर भागत नाही रे. पलटण, सेक्टर, तारखा, सगळं लिही. पार्ट टू ऑर्डर या लष्करी आदेशाची प्रत हाती लागली तर अर्धी लढाई जिंकलीस, कारण सर्व्हिसमधल्या नोंदी त्यावरूनच चढतात.

आपल्या गोव्यात नावाचा घोळ फार. पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर गावकरमधला ‘क’ इंग्रजी ‘सी’ने, डिस्चार्ज बुकात ‘के’ने. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबतच जोड, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल. आर्मी नंबर प्रत्येक पानावर घाल.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचार, फी दहा रुपये. साफ नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ. हक्काचं मागतोयस, संकोच करू नकोस.

आणि मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने मुळीच पाठवू नको, झेरॉक्सच पाठव.