सुळ्याचा भाव

प्रिय मनू,

काल गाडीत तू विचारलंस, "बाबा, तुला दाताचे किती पैसे मिळायचे?" मी म्हटलं, काहीच नाही. लगेच तुझा पुढचा प्रश्न आला: वर्गातल्या मैत्रिणीला एका दाढेचे वीस डॉलर मिळाले, मग आपल्याकडे उशीखाली ठेवलेल्या दाताच्या बदल्यात परी दोनच का ठेवते? आपण मराठी आहोत म्हणून? तेवढ्यात तुझा पोहण्याचा क्लास आला आणि माझी सुटका झाली. रविवारच्या मराठी शाळेमुळे तुला आता बऱ्यापैकी वाचता येतं, म्हणून सावकाश लिहितोय. अडलं तर आईला विचार. ओमला मात्र वाचून दाखवू नकोस. परी म्हणजे कोण, हे तुला कळलंय, त्याला अजून कळायचंय.

आधी माझ्या दातांचं सांगतो. चिपळूणचं आमचं घर तेव्हा कौलारू होतं. दात हलायला लागला की दिवसभर जिभेने ढकलत बसायचं. पडला की मिठाच्या पाण्याने चूळ भरायची आणि दात मुठीत घेऊन अंगणात जायचं. तुझी पणजी पायरीवर उभी राहून सांगायची आणि तिच्यामागून मी म्हणायचो, "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा जुना दात घे, तुझ्यासारखा नवा दे." मग दात कौलांवर भिरकावायचा. मंगळुरी कौलांना उभ्या खाचा असतात. एकदा माझा दात वर जाऊन टणकन आपटला आणि खाचेतून घरंगळत थेट माझ्या पायाशी येऊन पडला. मी रडकुंडीला आलो. पणजी म्हणाली, "मामाला पसंत नाही दिसत. धुऊन आण आणि जोरात फेक." शेजारच्या घरी तुळशीच्या मुळाशी पुरायचे, तिथे ही भानगड नव्हती.

उंदीरच का, हे तू विचारणारच. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. सतत काही ना काही कुरतडून त्याला ते झिजवावे लागतात. दात मागायचे तर त्याच्याकडेच मागावेत, हे जुन्या माणसांना बरोबर सुचलं. आणि हे फक्त आपल्यालाच सुचलं असंही नाही. तुझ्या वर्गातल्या मेक्सिकोच्या मुलाला विचारून बघ, त्याच्या घरी बहुतेक परीऐवजी पेरेस नावाचा उंदीर येत असेल. स्पेनच्या राजघराण्यातल्या आठ वर्षांच्या बाळराजाचा दात पडला, तेव्हा लुईस कोलोमा नावाच्या पाद्र्याने या उंदराची गोष्ट लिहून दिली होती. तो उंदीर भेट ठेवून जातो. आपला उंदीरमामा जरा कडक, दाताच्या बदल्यात फक्त दात. (आणि ज्या गणपतीचं तो वाहन, त्या एकदंताने तरी आपल्या दाताचे पैसे कुठे मागितले?)

आता तुझ्या परीचं. ती इथलीच, अमेरिकेतली, आणि फार जुनीही नाही. १९०८ साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रात घरगुती सल्ल्यांच्या सदरात ती छापून आली. मुलं हलणारा दात काढू देत नाहीत, तर त्यांना परीचं आमिष दाखवा, दुकानातल्या पाच सेंटच्या काउंटरवरून बारीकसारीक वस्तू आणून ठेवा, असा तो सल्ला होता. म्हणजे तेव्हा रोख रक्कम नव्हतीच. पुढे नाणं आलं, मग नोट आली. डेल्टा डेंटल ही दातांच्या विम्याची कंपनी परीच्या दराची पाहणी करते. १९९८ मध्ये एका दाताची सरासरी १.३० डॉलर होती, २०२३ मध्ये ६.२३, आणि २०२४ मध्ये थोडी उतरून ५.८४. सोन्याचा भाव सांगावा तसा दरवर्षी दाताचा भाव जाहीर होतो! दुधाचे दात वीस. तुझ्या मैत्रिणीच्या दराने एका मुलामागे चारशे डॉलर होतात. तिच्या आईवडिलांनी हा हिशेब केला होता की त्या रात्री पाकिटात वीसची एकच नोट होती, कुणास ठाऊक. माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे.

पण मराठी मुलांना पैसेच मिळत नाहीत, असं मात्र समजू नकोस. गेल्या मे महिन्यात चिपळूणहून निघताना आजीच्या पाया पडलीस, तेव्हा तिने तुझ्या हातात पाचशेची नोट कोंबली. तू इंग्रजीत मला विचारलंस, "हे कशाबद्दल?" मी आजीला मराठीत सांगितलं, तर ती गोंधळून गेली. म्हणाली, "कशाबद्दल म्हणजे? खाऊला!" आम्हाला पैसे असेच मिळायचे. मामा एसटी सुटता सुटता खिडकीतून नोट द्यायचा, आई "अरे, नको, नको" म्हणत राहायची आणि मी मूठ घट्ट मिटून घ्यायचो. भाऊबीजेला ताटात पडायचे ते एकावन्न किंवा एकशेएक, वरचा एक रुपया हवाच. त्यासाठी दात पाडावा लागत नव्हता, मार्क आणावे लागत नव्हते. (घरी पोचल्यावर आई "जपून ठेवते" म्हणून ते पैसे घ्यायची, ते परत कधी दिसले नाहीत. हाही मराठी रिवाजच.)

म्हणून दाताला भाव लावायचा, हे सुरुवातीला माझ्या गळी उतरलं नाही. तुझ्या आईचं म्हणणं, शाळेत सगळ्या मुली परीचे पैसे दाखवणार आणि आपली मनू कौलांच्या गोष्टी सांगणार, असं नको. ते मला पटलं. शिवाय इथे कौलं आहेत कुठे? आपण दुसऱ्या मजल्यावर. दात फेकला असता तर फार तर खालच्यांच्या बार्बेक्यूवर पडला असता.

तर आता निर्णय ऐक. दर दोन डॉलरच राहील, बँकेतून आणलेली ती सोनेरी नाणी. सुळा असो की दाढ, भाव एकच. मोठा दात म्हणून जास्त नाही, रडली नाहीस म्हणून बोनस नाही, आणि मैत्रिणीच्या दराशी तुलना करून घासाघीस तर मुळीच नाही. तुझे पुढचे आठ पडून गेले, राहिले बारा, म्हणजे चोवीस डॉलर अजून यायचेत. खाऊचे पैसे यातून वजा होणार नाहीत, ते आजीचं खातं वेगळं. पडलेले आठही दात आईच्या कानातल्यांच्या डबीत आहेत. पुढच्या वेळी चिपळूणला जाताना हवे तर घेऊन चल. घरावर आता स्लॅब आहे, पण शेजारी अजून कौलं आहेत आणि ते लोक काही म्हणणार नाहीत.

ओमलाही हाच दर. त्याचा खालचा दात हलायला लागलाय, पाहिलंस ना? तो पडेल त्या रात्री नाणी उशीखाली तू ठेव. मध्येच त्याला जाग आली तर काय सांगायचं, ते शनिवारी बसून ठरवू.

तुझा,
बाबा