आधी टाकी उतरव

भाऊ, तुझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा चालू करायची म्हणतोस, पण ती एवढी वर्षं बंद उभी होती, तर टाकीत कुजलेलं पेट्रोल आणि तळाला गंज असणारच. नवीन पेट्रोल ओतून सेल्फ मारत बसू नकोस, तो गंजाचा चुरा थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतो.

बॅटरीची वायर काढ, जुनं पेट्रोल उपस, टाकी खाली घे. टाकीतला फ्लोट (पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा तरंगता भाग) आधीच बाहेर काढ, नाहीतर वाकलाच समज. मूठभर नट आत टाकून टाकी खळखळव. नट मोजूनच टाक, तेवढेच बाहेर आले पाहिजेत. मग काठोकाठ पांढरा व्हिनेगर, एक दिवस. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धू.

खरी गोम वाळवण्यात आहे. उघडा ओला पत्रा बघता बघता तांबूस होतो. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन एरवी शिव्या खातं, इथे कामाला येतं. पावसाळ्यात हे काम काढूच नकोस. वाळल्याबरोबर आतून ऑइलमिश्रित पेट्रोल फिरव.

भोक दिसलं तर टाकी तशीच वेल्डिंगला नेऊ नकोस. रिकाम्या टाकीतली वाफ भडकते. 'काही होत नाही' म्हणणारा गॅरेजवाला भेटेलच, तिथून टाकी उचल आणि निघ. पेट्रोलचा फिल्टर पारदर्शक बसव, सुरुवातीला रोज डोकावून बघ.