पासवर्ड बदलला, तरी यादीत अनोळखी फोन?

प्रश्न: शेजाऱ्यांना मध्यंतरी वायफायचा पासवर्ड दिला होता. आता तो बदलला, तरी राउटरच्या यादीत दोन अनोळखी नावं दिसतात. कोणी शिरलंय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: बहुधा नाही, पण तपासून घ्या. बरेच राउटर सध्या जोडलेल्या उपकरणांची नव्हे, तर ज्यांना आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दिला त्यांची यादी दाखवतात. त्या पत्त्याची मुदत अनेकदा २४ तासांची असते. तोवर बाहेर काढलेला फोनही यादीत राहतो.

दुसरी शक्यता तुमच्याच फोनची. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा, अक्षर-आकड्यांचा क्रमांक) सहसा सांगत नाहीत, त्या नेटवर्कपुरता तयार केलेला सांगतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो असा तयार केलेला पत्ता समजा. मग घरातल्या प्रत्येक फोनच्या आणि इतर उपकरणांच्या वायफाय सेटिंगमध्ये दिसणारा मॅक पत्ता यादीशी ताडून बघा. एक दिवस उलटूनही जो घरातल्या कुठल्याच उपकरणाशी जुळत नाही, तो परका.

आता महत्त्वाचं. राउटरला दोन पासवर्ड असतात आणि लोक एकच बदलतात. दुसरा सेटिंग्ज उघडण्याचा. तो 'अ‍ॅडमिन' असाच राहिला असेल, तर वायफायवर येऊन गेलेला कोणीही डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून ठेवू शकतो. मग बँकेचा पत्ता बरोबर टाकूनही भलतंच पान उघडू शकतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (जिओफायबरला १९२.१६८.२९.१, नक्की पत्ता राउटरच्या स्टिकरवर असतो) आणि आधी हा पासवर्ड बदला. डीएनएसच्या रकान्यात आपण न भरलेले आकडे दिसले, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीला विचारा. 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग्ज उघडण्याची सोय) आणि 'डब्ल्यूपीएस' (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू नका. आपल्याकडे हे फार चालतं आणि फार धोक्याचं आहे. फोन वायफायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेरून टिपता येते. पुढचे अंदाज चोर स्वतःच्या संगणकावर करतो, राउटरला पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी पर्याय. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तास पुष्कळ झाले. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्डला ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा: उंबरठा, टपाल, वांगी, कंदील असे, फक्त हेच नकोत. सेटिंग्जमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांची पानं वेगळी असतील, तर दोन्हीकडे बदल करा. एक हमखास राहून जातं.

पुढच्या वेळी शेजाऱ्यांना 'गेस्ट नेटवर्क' (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) द्या.

प्रश्न: नेटवर्कचं नाव लपवलं आणि मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश) लावला, तर पुरे ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: नाही. तुमचा फोन जोडला जाताना ते नाव उघड बोलतोच, आणि मॅक पत्ताही हवेत उघडाच जातो; त्याची नक्कल मिनिटभराचं काम. उलट नाव लपवलं की फोन बाहेर फिरतानाही ते नाव पुकारत राहतो. दोन्ही काढून टाका आणि 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' हा मिश्र पर्याय निवडा. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं, तर जुने टीव्ही, स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत. 'वेप' किंवा 'टीकेआयपी' या जुन्या, कमकुवत पद्धती कुठे दिसल्या, तर त्या मात्र घेऊ नका.

प्रश्न: अ‍ॅडमिन पासवर्ड आठवेना, म्हणून मागच्या छिद्रात टाचणी घालून रिसेट केलं. वायफाय दिसतं, इंटरनेट नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर: रिसेटने इंटरनेट कंपनीने भरलेलं पीपीपीओई (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि बहुधा व्हीलॅन क्रमांकही (कंपनीच्या जाळ्यातला तुमच्या जोडणीचा क्रमांक) पुसला गेला. कंपनीच्या ग्राहकसेवेकडून तिन्ही मागून घ्या आणि 'वॅन' (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर भरा. काही कंपन्या हे दुरूनच भरून देतात. दरम्यान वायफाय स्टिकरवरच्या मूळ पासवर्डवर गेलेलं असतं आणि डब्ल्यूपीएसही पुन्हा चालू झालेलं असू शकतं. म्हणून इंटरनेट येण्याची वाट न बघता वरचे सगळे बदल आजच करा. राउटरच्या सेटिंग्ज उघडायला इंटरनेट लागत नाही.