बॉयलर बदलण्याआधी आतलं पाणी बघा

प्रश्न : घरात सेंट्रल हीटिंगचा गॅस बॉयलर आहे (पाणी तापवून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारा), दहा-बारा वर्षं झाली असतील. रेडिएटर वरून गरम होतात पण खालून गारच. प्रेशरचा काटा दर आठवड्याला उतरतो, मग मी व्हॉल्व्ह उघडून पाणी भरते. सर्व्हिसवाला म्हणतो बॉयलरच बदला. मग व्हायलांट, व्हीसमन की बॉश?

उत्तर : ताई, कंपनीचं नंतर बघू. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत, एकीतून दुसरी आलीय. रेडिएटर वरून गार असता तर आत हवा अडकलीय म्हटलं असतं, ती किल्लीने सोडून देता येते. खालून गार म्हणजे तळाला काळा गाळ बसलाय. हा गाळ लोखंडाच्या गंजाचाच, आणि गंजायला ऑक्सिजन लागतो. बंद सिस्टीममध्ये एकदा भरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच दिवसात संपतो आणि गंज जवळपास थांबतो, पण तुम्ही दर आठवड्याला ताजं पाणी भरताय म्हणजे दर आठवड्याला ताजा ऑक्सिजन आत सोडताय! यात तुमची चूक नाही, पाणी का कमी होतंय हे त्या माणसाने आधी शोधायला हवं होतं.

तुम्ही एवढंच बघा, गार असताना काटा १ ते १.५ बारवर (बार म्हणजे प्रेशरचं माप) असतो, तो हीटिंग चालू झाल्यावर ३ च्या जवळ जातो का? जात असेल तर बहुतेक एक्सपान्शन व्हेसलमधली (फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या, हवा भरलेल्या डब्यातली) हवा गेलीय, गरम होऊन फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ते बाहेरच्या पाइपातून सोडून देतो. व्हेसलमध्ये हवा भरणं किंवा तो बदलणं म्हणजे अख्खा बॉयलर बदलणं नव्हे. काटा एवढा चढत नसेल तर कुठेतरी लीक आहे, रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी ओल दिसते का बघा. बॉयलरचं कव्हर मात्र स्वतः उघडू नका, आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म नसेल तर आधी तो लावा.

लीक बंद झालं की सिस्टीम फ्लश करून घ्या म्हणजे आतून धुऊन घ्या, लोखंडाचा गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर बसवा, पाण्यात इनहिबिटर म्हणजे गंज रोखणारं औषध टाका. हे न करता नवा बॉयलर लावला तर तोच गाळ नव्याच्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जिथे पाणी तापतं त्या भागात, जाऊन बसेल, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

आता कंपन्या. तिन्ही चांगल्या आहेत, व्हायलांट तर १८७४ पासून आहे. पण नुसत्या नावावर जाऊ नका, व्हीसमनचा हीटिंगचा धंदा २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या कॅरियरकडे गेला, बाक्सी आणि रेमेहा ही दोन वेगळी नावं पण मालक एकच, बीडीआर थर्मिया. मी तर विचारेन की जवळपास कोणाचा ट्रेन्ड माणूस आहे, पार्ट किती दिवसात मिळतात, आणि वॉरंटीला दरवर्षीची सर्व्हिस लागते का (बहुतेक लागतेच).

प्रश्न : कंडेन्सिंग बॉयलर ८० डिग्रीवर ठेवला तर चालेल?

उत्तर : चालेल, पण त्याचा फायदा जातो. धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीच तर हा बॉयलर पकडतो, आणि नॅचरल गॅस असेल तर त्यासाठी रेडिएटरकडून परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली हवं. बॉयलरचं सेटिंग ६० वर आणून बघा, घर उबदार राहत असेल तर अजून उतरवा. गरम पाण्याची टाकी वेगळी असेल तर ती मात्र ६० वरच ठेवा, कमी केलं तर लिजिओनेला जंतू वाढू शकतात.